उकडलेले कंद

तळमजल्याचं क्वार्टर मिळालं की पुढ्यातली थोडी जमीनही मिळते, आणि घरात नवरा असला की त्याला तिथे भलतंच काहीतरी हवं असतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरपुढे मी डेलिया लावले होते. विलासला तिथे नवी मारुती उभी करायची होती.

एप्रिलमध्ये झाडं वाळली, तसा तो म्हणाला की आता फरशी घालून घेऊ. मी म्हटलं, झाडं मेलेली नाहीत, हेच कंद पुढच्या थंडीत फुलवून दाखवीन. तो हसला. दिल्लीत सगळे दरवर्षी नर्सरीतून नवी रोपं आणतात, तू कोण लागून गेलीस, असं त्याचं म्हणणं. मला अशा हसण्याचा भयंकर राग येतो. नाही फुलले तर खुशाल घाल फरशी, असं मी बोलून बसले.

पुस्तकं सांगतात, कंद बर्फापासून जपा. आमच्या नशिबी मे महिना. कंद उकरून, माती झटकून मी ते जुन्या माठात कोरड्या वाळूत पुरले आणि माठ कूलरचा वारा लागेल अशा कोपऱ्यात ठेवला.

आषाढात पुण्याहून सासूबाई आल्या. एकादशीसाठी त्यांना रताळी हवी होती. मी सरोजिनी नगरचा बाजार पालथा घातला, पण इथे ती थंडीत येतात. एकादशीला ऑफिसातून घरी आले तर सासूबाई प्रसन्न. माझ्यासाठी वाळूत रताळी जपून ठेवलीस आणि बोललीही नाहीस, म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. उकडून, तूप-गुळाबरोबर सगळी संपली होती. चव बेताचीच, दिल्लीची ना, असंही म्हणाल्या.

ती रताळी नव्हती हे सांगताना मला रडू फुटलं.

"चलो, प्रश्नच मिटला," विलास म्हणाला.

माझं रडू तिथल्या तिथे आटलं. सासूबाईंचा चेहरा पडला होता. वरची लाकडासारखी टोकं तेवढी मी कापून टाकली गं, असं त्या पुटपुटल्या आणि मी सालांच्या बादलीकडे धावले. डेलियाच्या कंदाला डोळे असतात ते त्या टोकांनाच, मानेपाशी. बाकीचा कंद एकटा लावला तर नुसता सडतो. मी सालांतून एकेक टोक वेचलं. सासूबाईंनी न सांगता देवापुढची उदबत्तीची राख आणली, आम्ही ती कापलेल्या जागी चोळली आणि टोकं ओलसर वाळूत लावली.

श्रावणात कोंब आले. ते बोटभर झाल्यावर मी छाटून पुन्हा वाळूत खोचले, त्यांना मुळं फुटली. एकेका टोकापासून कितीतरी रोपं झाली. मागच्या वर्षी वाफा होता, यंदा कुंपणापर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही. ते मी मुद्दाम केलं. जानेवारीत बशीएवढी गडद लाल फुलं आली, आणि मारुती बाहेर कडुनिंबाखाली कावळ्यांची शीट झेलत राहिली.

पण विलास तो विलासच. एप्रिल आला, झाडं वाळायला लागली आणि तो दारात उभा राहून नजरेनं जमीन मोजू लागला. आता कंद निघतीलच, म्हणाला, तर गाडी आत...

तोवर आमच्याकडेच राहिलेल्या सासूबाई माझ्या शेजारी बसून वाळू चाळत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"गाडी राहू दे बाहेर. तिला कुणी उकडून खात नाही."

मी खुरपं उचललं आणि पहिला कंद मानेला धक्का न लावता वर काढला.