भिंतीवरची ताई

पडद्यावर मरण्यात मावशींचा हात कुणी धरू शकत नसे. सगळा स्टुडिओ त्यांना मावशीच म्हणायचा. क्षयानं मेल्या, जिन्यावरून पडून मेल्या, मुलाची वाट बघून बघून तर किती वेळा मेल्या! काम एवढंसं, पण थेटरात रुमाल निघायचे ते मावशींसाठी. हिरो गेला उडत.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी केली नाही. सिनेमात त्या मेल्या की भिंतीवर लावायला फोटो लागायचा, तो स्वतःचा दिला नाही. जित्या माणसाचा फोटो असा टांगला की ते माणूस टिकत नाही, ही त्यांची भीती. पहिल्यांदा मागितला तेव्हा गुपचूप थोरल्या बहिणीचा दिला. दोघींचा तोंडवळा एकच. कोण बघतंय निरखून!

वर्ष सरायच्या आत ताई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

तिची तान्ही लेक मावशींनी पोटच्या पोरीसारखी वाढवली. पण घरातले ताईचे फोटो? एकूण एक चुलीत घातले. त्या नजरेला नजर द्यायची कुणी? सेटचं सामान सांभाळणाऱ्याकडचा तेवढा एक राहिला, आणि तो बाबा दर सिनेमात तोच टांगायचा. त्यातून सिनेमावाल्यांची तऱ्हा उलटी. मरणानंतरचे सीन आधी उरकायचे, जिवंतपणीचे मागाहून. मावशी हसत सेटवर पाऊल टाकायच्या आणि समोर ताई! हसू जागच्या जागी थिजायचं.

पुढे भाचीनं हट्टानं स्टुडिओतच केस विंचरायचं काम धरलं. मावशींनी आकाशपाताळ एक केलं, पण पोरगी ऐकेल तर शपथ. मग फोटो लागला की तिला काहीतरी आणायला पिटाळायचं, हा मावशींचा नेम झाला. तिला कळलं तर आपलं तोंड बघणार नाही, या धास्तीनं त्या अर्ध्या झाल्या होत्या.

आज त्या सेटवर आल्या तर भाची फोटोसमोर उभी. ओढणीनं काच पुसत होती.

मावशी पुढे झाल्या. "माझाच गं तो, तरुणपणचा," त्या म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. जन्म गेला होता अभिनयात.

"चल, काहीतरीच! तुझ्या हनुवटीला खळी कुठंय? माझ्या आहे," भाची हसली. "लहानपणी तू मला इथं आणायचीस ना, तेव्हाच ओळखलं मी. म्हणून तर हे काम धरलं. घरी आई दिसायचीच नाही."

मावशी मटकन सेटवरच्या खाटेवर बसल्या.

भाचीनं हलक्या हातानं त्यांची बट मागे सारली. "पण मावशी, आईचा फोटो इथं दिला कुणी गं?"

तेवढ्यात दिग्दर्शक ओरडला, "शांत! मावशी, तयार?"

मावशी मरायला आडव्या झाल्या. कॅमेरा सुरू झाला. श्वास तुटला, मान कलली, सगळं नेहमीसारखं झालं.

"मावशी, डोळे मिटा की!"

समोरच्या ताईवर आणि भाचीवर खिळलेले डोळे काही मिटेनात.