आदर्श नाडी

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान स्वतःला संशोधक म्हणवतात. मी त्यांना भावजी म्हणते, कारण नात्याने तेच म्हणावं लागतं. मनात जे म्हणते ते छापण्यासारखं नाही.

भावजींनी बीपी मोजायचं यंत्र काढलं. तशी यंत्रं कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात, पण भावजींचं यंत्र दोन आकडे सांगून गप्प बसणारं नव्हतं. दंडाला पट्टा बांधला, तो फुगवला आणि मग हवा हळूहळू सुटायला लागली, की नाडीचा प्रत्येक ठोका त्या पट्ट्याला आतून बारीकसा धक्का देतो. इतर यंत्रं त्या धक्क्यांवरून बीपी काढतात आणि त्यांना विसरतात. आमचं यंत्र ते धक्के जपून ठेवी. ठोका कसा चढतो, किती वेळ टिकतो, कसा उतरतो, हे बघून तुमच्या रक्तवाहिन्या आणि तुमचं हृदय कितपत म्हातारं झालंय ते सांगे. पडद्यावर मोठ्ठा आकडा येई आणि त्याखाली लिहिलेलं असे, 'हृदयाचं वय'. कल्पना वाईट नव्हती. पण चांगली कल्पना भावजींच्या हाती लागली की तिचं मातेरं ठरलेलंच.

मी त्यांच्याकडेच राहायचे आणि त्यांच्या चाचणीच्या खोलीत कामाला होते. माणसांना खुर्चीत बसवायचं, बाही वर करायला सांगायची, पट्टा बांधायचा, बोलू नका म्हणायचं. याला शिक्षण लागत नाही, आणि भावजी ते दिवसातून एकदा तरी मला ऐकवत.

आता, ठोका चांगला की वाईट हे ठरवायचं तर आधी चांगला ठोका कसा असतो ते यंत्राला माहीत हवं. त्यासाठी डॉक्टरांनी नीट तपासलेली शेकडो निरोगी माणसं गोळा करावी लागतात. हे भावजींना त्यांच्या गणितवाल्याने एकदा दबक्या आवाजात सांगितलं होतं. या गणितवाल्याला आम्ही होयबा म्हणायचो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने 'होय'शिवाय काही उच्चारलं होतं. भावजींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"अरे, निरोगी माणूस शोधायला गावभर कशाला हिंडायचं?" असं म्हणून त्यांनी स्वतःची बाही वर केली.

झालं. रोज सकाळी धावणारा, साखर न खाणारा, कधी डॉक्टरची पायरी न चढलेला माणूस म्हणजे भावजी. डॉक्टरची पायरी न चढणं हा त्यांना आरोग्याचा पुरावा वाटे. होयबाने त्यांचे ठोके उतरवून घेतले आणि यंत्राला शिकवलं, की हा निरोगी. याच्यासारखा तो तरुण, याच्याहून वेगळा तो म्हातारा. ती नाडी खरंच देखणी होती. सावकाश चढायची, वर थोडी रेंगाळायची, सावकाश उतरायची. भावजींनी तिचं मोठं चित्र काढून स्वागतकक्षात लावलं आणि खाली लिहवून घेतलं, 'आदर्श नाडी'. येणाऱ्या पाहुण्याला ते त्या चित्रासमोर उभं करत आणि म्हणत, "बघा, किती शांत आहे." लोक माना डोलवत. आपली अक्कल घरी ठेवून आलेल्या माणसांची आमच्या स्वागतकक्षात कधी कमतरता नसे.

यंत्राने मग जे करायचं तेच केलं. येईल त्याला म्हातारा ठरवायला लागलं. रंगारी, टपालवाला, इमारतीची पहारेकरीण, सगळ्यांची हृदयं एकजात थकलेली निघाली. एवढी माणसं आजारी कशी, असं एखाद्या शहाण्याने विचारलं असतं. भावजी म्हणाले, "समाजाची तब्येत किती ढासळलीय, बघा!" आणि त्यावर एक भाषण तयार केलं.

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग त्यांनी धाकटीला खुर्चीत बसवलं.

माझी धाकटी पोहायला शिकवते. तिच्या तलावात लहान मुलं येतात, पाण्याला घाबरणाऱ्या बाया येतात, गुडघे धरलेले म्हातारे येतात, आणि ती सगळ्यांना तरंगायला लावते. लहानपणापासून तिला पाण्याबाहेर करमत नाही. कोरडी असली की चिडचिडी होते, हे आमची आई सांगायची. तिची नाडी म्हणजे दारावर मारलेली थाप. झटकन वर आणि झटकन खाली. मीच पट्टा बांधला होता. पडद्यावर आकडा आला एकसष्ट. धाकटीचं वय त्याच्या निम्म्याहून थोडंसंच जास्त.

भावजींचा चेहरा पांढराफटक पडला. तो माणूस ढोंगी नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. तो खरोखर घाबरला. ढोंगी असता तर बरं झालं असतं, ढोंग्याशी भांडता येतं.

"उद्यापासून पोहणं बंद," ते म्हणाले.

"अहो, पण मला काहीच होत नाहीये," धाकटी म्हणाली.

"तेच तर. कळायच्या आधी कळावं म्हणून तर हे यंत्र."

मी तिला ओढून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, हृदयाचा आलेख काढला आणि सांगितलं, ठणठणीत आहे. मी तो आलेख भावजींच्या टेबलावर आपटला. त्यांनी तो दोन बोटांनी बाजूला सारला.

"ताई, या डॉक्टरांना जे पाच वर्षांनी दिसेल ते मला आज दिसतंय."

"आणि तुम्हाला जे दिसतंय ते खोटं असेल तर?"

"माझ्या बायकोच्या बाबतीत मी धोका पत्करू?" ते म्हणाले. आणि डोळ्यांत पाणी आणलं. आता या पाण्यासमोर काय बोलणार, कपाळ!

धाकटीने ऐकलं. मला तिचाही राग आला, तो अजून आहे. तलावाचं काम सोडलं, जिने सोडले, मोठ्याने हसणंही सोडलं. चालताना छातीवर हात ठेवायला लागली. भावजी तिला पाणी आणून देत, उशी आणून देत, दिवसातून दोनदा पट्टा बांधत आणि आकडा बघून उसासा टाकत. निरोगी बाईला आजारी कशी करावी हे शिकायचं असेल, तर आमच्या घरी वर्षभर राहायला यायचं. ती दुपारी खिडकीशी बसून राही. तलाव तिथून दिसत नसे, पण ती त्याच बाजूला बघे. बरं, याच काळात भावजी स्वतः धावून आले की दारात वाकून, चौकट धरून उभे राहायचे. एकदा तर चौकटीशीच मटकन खाली बसले. मी विचारलं तर म्हणाले, "बायकोची काळजी माणसाला पोखरते."

मग एका मोठ्या रुग्णालयाने यंत्र बघायला बोलावलं. भावजींनी प्रात्यक्षिकाचा बेत केला. एका खुर्चीत थकलेलं हृदय, शेजारच्या खुर्चीत आदर्श हृदय. थकलेलं म्हणजे धाकटी, आदर्श म्हणजे स्वतः. बायकोला नमुना म्हणून मांडताना त्यांना काही वाटलं नाही. वर म्हणाले, "तुझ्यामुळे किती जणांचे जीव वाचतील!" आणि ती बिचारी चांगले कपडे घालून निघाली.

सभागृहात वीसेक डॉक्टर होते. पुढच्या रांगेत हृदयविभागाच्या प्रमुख बाई, जाड चष्मा, हातात थंड झालेला चहा. मी दोघांना पट्टे बांधले. भिंतीवरच्या पडद्यावर दोन नाड्या शेजारी शेजारी चालायला लागल्या. धाकटीची थापांसारखी, भावजींची टेकडीसारखी. भावजी बसल्या बसल्याच बोलू लागले. ताठर वाहिन्या, लवचीक वाहिन्या, समाजाची तब्येत.

बाईंनी चहा खाली ठेवला.

"ही उजवीकडची नाडी कुणाची?"

"माझी," भावजी म्हणाले. "आमचं सगळं गणित हिच्यावर उभं आहे."

"धाप लागते का हो तुम्हाला?"

"मी रोज धावतो."

"ते नाही विचारलं मी."

त्या उठून आल्या. गळ्यातली नळी कानाला लावली, भावजींच्या शर्टाची बटणं त्यांनी स्वतःच सोडली आणि छातीवर, मग मानेशी, बराच वेळ ऐकत राहिल्या. होयबाने सवयीने मान डोलावली, कशाला ते त्यालाच ठाऊक.

"हृदयातून रक्त बाहेर पडतं ना, त्या दाराची झडप अरुंद झालीय तुमची. बरीच," बाई म्हणाल्या. "रक्ताला वाट मिळत नाहीये, म्हणून ठोका असा रखडत चढतोय. याला शांत म्हणत नाहीत. आजच हृदयाची सोनोग्राफी करून घेऊ. आणि आता धावायचं नाही, जिनाही नाही." मग त्यांनी धाकटीच्या नाडीकडे पाहिलं. "यांना कशाला आणलंय? यांची तर झकास आहे."

मी धाकटीकडे बघत होते. तिच्या तोंडून एक आवाज निघाला. हसल्यासारखा होता. तिने लगेच तोंडावर हात दाबला.

सोनोग्राफीत बाईंचं म्हणणं खरं ठरलं. झडप बदलायला हवी होती, आणि लवकर. एवढं झाल्यावर माणूस जमिनीवर येईल, असं तुम्हाला वाटेल. तुम्हाला भावजी माहीत नाहीत. त्यांनी मला यंत्र घेऊन वॉर्डात बोलावलं आणि पट्टा बांधायला लावला. यंत्राने इमानाने सांगितलं, तरुण हृदय.

"बघा," ते बाईंना म्हणाले. "दुसरं मत घ्यायला हवं. मी ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही."

"हे तुमचंच मत तुम्हाला परत सांगतंय," बाई म्हणाल्या. "उशीर केलात तर एक दिवस धावता धावता पडाल, आणि मग मला काही करता येणार नाही." एवढं बोलून त्या पुढच्या रुग्णाकडे गेल्या.

भावजी उशीला टेकून हट्टाने छताकडे बघत राहिले. होयबा खिडकीशी उभा होता, धाकटी पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. मला वाटलं, न का करेना सही. हा विचार मनात आला आणि मी तो हाकललाही नाही. तेवढ्यात धाकटी उठली. वर्षभरात पहिल्यांदा छातीवर हात न ठेवता उठली. तिने भावजींच्या दंडावरचा पट्टा ओरबाडून काढला आणि माझ्या हातात दिला.

"या डब्याने सांगितलं म्हणून मी पाणी सोडलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून. ताईने डॉक्टर दाखवला, तरी तुमचंच ऐकलं. सगळं वर्ष मी मरायची वाट बघत खिडकीत बसले होते, अहो! आता इथे सही करा."

"माझा जीव होता तुझ्यात, म्हणून—"

"सही करा."

त्यांनी केली. पाचावर धारण बसली होती, पण त्यातही होयबाकडे वळून म्हणाले, "ऑपरेशननंतर माझे ठोके नव्याने उतरवून घेऊ. तेच प्रमाण धरायचं." होयबा म्हणाला, "होय."

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर अर्धं गणगोत जमलं. भावजींची आई, त्यांच्या बहिणी, त्यांचे यजमान. धाकटी नव्हती. "नवरा आत टेबलावर आणि ही कुठे?" असं एकीने विचारलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनी. मला ठाऊक होतं ती कुठे आहे ते, पण मी मूग गिळून बसले. त्या बायकांनी वर्षभर तिला 'बिचारी' म्हटलं होतं, आणि त्यातल्या एकीनेही विचारलं नव्हतं की तुला नेमकं दुखतंय कुठे.

ऑपरेशन नीट झालं. भावजींना खोलीत आणलं, दुसऱ्या दिवशी बसतं केलं, आणि त्या संध्याकाळी धाकटी आली. केस ओले होते, खांद्यावर पाण्याचे डाग होते, गाल लाल झाले होते. जिने चढून आली होती, श्वास जोरात चालला होता. सासूबाईंनी तोंड फिरवलं.

भावजींनी तिच्या केसांकडे पाहिलं, तिच्या वरखाली होणाऱ्या छातीकडे पाहिलं. चेहऱ्यावर तीच जुनी भीती आली. छातीला टाके होते, तरी ते कण्हत पुढे सरकले आणि तिच्या मनगटाची नाडी बघायला हात लांब केला.

धाकटीने आपला हात मागे घेतला.