खाली उतरणारं चित्र

चित्रकाराला तैलरंग सोडावे लागले ते खोकल्यामुळे. टर्पेंटाइनचा वास नाकात गेला की त्याला अशी उबळ यायची की हातातला ब्रश कॅनव्हासवर भलतीकडेच उमटायचा. छातीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "एक तर रंग सोडा, नाही तर श्वास." त्याने चांगला आठवडाभर विचार केला आणि रंग सोडले. चित्रं काढणं मात्र सोडलं नाही.

तेव्हापासून घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या. त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची. एका सकाळी ती शाळेत गेली तेव्हा तिच्या डाव्या बुटाला पॉलिश होतं आणि उजव्याला नव्हतं, कारण डबी मध्येच संपली होती. बाकीची डबी समोरच्या खोलीत एका पुठ्ठ्यावर पसरलेली होती आणि त्या पुठ्ठ्याचं नाव 'संध्याकाळ' होतं. पुढच्या आठवड्यात टूथपेस्ट गेली. चित्रकाराने ती फळीवर जाड थापली, कंगव्याने ओढली आणि उन्हात ठेवली. वाळल्यावर तिला भेगा पडल्या.

बायको बराच वेळ बघत राहिली. "हे कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रासारखं दिसतंय."

"म्हणजे तुला कळलं," तो खूश होऊन म्हणाला.

"मला एवढंच कळलं की आज आपण दात कशाने घासायचे ते ठरवायला पाहिजे. अहो, घरातलं अजून काय काय लागणार आहे ते एकदा सांगून टाका, म्हणजे मी शाळेत नेऊन ठेवते."

मागच्या खोलीत सासरे राहायचे, म्हणजे बायकोचे वडील. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं रंगवली होती. गुडघ्यांनी शिडी चढायचं नाकारलं तेव्हा लेकीकडे आले. जावयाच्या चित्रांबद्दल ते फारसं बोलत नसत. हात मागे बांधून चित्रासमोर उभे राहायचे, मग एक बोट पुढे करून चित्राला लावायचे आणि त्या बोटाकडे बघायचे. बोट कोरडं असलं तर मान हलवायची आणि जायचं. एवढीच त्यांची समीक्षा.

त्या वर्षी घरासमोरचा रस्ता नव्याने करायला घेतला. चित्रकार तीन दिवस खिडकीत उभा राहिला. चौथ्या दिवशी तो मुकादमाकडे गेला आणि एक बादली डांबर मागितलं.

"गळती आहे का?" मुकादमाने विचारलं.

"नाही, चित्र काढायचंय."

मुकादमाने त्याच्याकडे बघितलं, मग बादलीकडे बघितलं आणि दोन बादल्या दिल्या. वेड्याला नाही म्हणून उगाच वाद कशाला वाढवावा, असा त्याने विचार केला असावा.

चित्रकार हरखून गेला. एवढा काळा रंग त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. पातळ पसरला की त्यातून मधासारखा तपकिरी उजेड यायचा, जाड थापला की विहिरीत डोकावल्यासारखं वाटायचं. आणि खोकला येत नव्हता. सहा फूट बाय चार फुटांच्या प्लायवूडवर त्याने थापीने, फळकुटाने, शेवटी जुन्या चपलेने काम केलं. मधे एकच पांढरी जागा ठेवली, चुन्याची, उशीसारखी. चित्राला नाव दिलं 'विश्रांती'.

सासऱ्यांनी बोट लावलं. बोट काळं झालं. चार दिवसांनी दुसरं बोट लावलं, तेही काळं झालं. "जावईबापू, हा रंग वाळायचा नाही."

"बाबा, समोरचा रस्ता वाळलाच की."

"रस्त्यात खडी असते."

"चित्रात खडी कशी घालणार?"

"मग वाळायचा नाही," सासरे म्हणाले आणि गोडेतेलाने बोट पुसायला गेले.

पण हिवाळ्यात प्रदर्शन लागलं, थंडीने डांबर दगडासारखं घट्ट झालं आणि 'विश्रांती' पहिल्याच दिवशी गेलं. घेणाऱ्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या. नवीन दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात त्या बाकाच्या वर, त्यांना असंच काहीतरी शांत हवं होतं. चित्रकार घरी आला तो दोन बोटं उंच होऊनच. सासऱ्यांनी फक्त विचारलं, "त्या भिंतीवर ऊन येतं का?"

येत होतं. एप्रिलात फोन आला.

"तुमचं चित्र खाली येतंय," डॉक्टर म्हणाल्या.

"खिळा सैल झाला असेल."

"खिळा जागेवर आहे. चौकटही जागेवर आहे. चित्र खाली येतंय."

चित्रकार धावत गेला. धावत म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत. दारात तो थबकला. वीस वर्षांत तो दातांच्या दवाखान्यात गेला नव्हता, आणि उजव्या बाजूची खालची एक दाढ गेले दोन महिने त्याला या गोष्टीची आठवण करून देत होती. आतून बारीक घर्र असा आवाज येत होता. त्याने गाल धरला, मग कुणी बघेल म्हणून सोडला.

डॉक्टरांचं म्हणणं खरं होतं. वरच्या बाजूला वीतभर प्लायवूड उघडं पडलं होतं आणि खालच्या कडेवर डांबराचं पोट सुटलं होतं. चुन्याची उशी बरीच खाली घसरली होती. बाकावरच्या एक आजीबाई म्हणाल्या, "मी पहिल्यांदा आले तेव्हा तो माणूस बसलेला होता. आता आडवा झालाय."

चित्रात माणूस नव्हता, पण चित्रकाराने ते सांगितलं नाही. कुणालातरी काहीतरी दिसतंय हेच खूप होतं.

"उलटं करू या," त्याला सुचलं. "खालचं वर. मग ते परत खाली येईल, म्हणजे जागेवर येईल."

"आणि मग?"

"मग परत उलटं करायचं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे एक्स-रे बघतात तसं बघितलं. पण भिंतीला त्याच मापाचं काही दुसरं नव्हतं, म्हणून तयार झाल्या. दर शनिवारी चित्रकाराने यायचं आणि चित्र फिरवायचं असं ठरलं.

पहिल्या शनिवारी चित्र सरळ लागलं आहे की नाही यावरून घरी वाद झाला, त्यामुळे दुसऱ्या खेपेला सासरे ओळंबा आणि पाणसळ घेऊन बरोबर आले. त्यांनी शिडीखाली उभं राहून हुकूम सोडले. "डावीकडे दोन सूत. उचला. अजून. आता सोडा." उतरल्यावर चित्रकार घामाघूम होऊन म्हणाला, "बाबा, चित्र हलतं आहे हीच त्यातली गंमत आहे. ते जिवंत आहे."

"मी तीस वर्षांपूर्वी रंगवलेल्या भिंती अजून जागेवर आहेत," सासरे म्हणाले. "एकही भिंत मला शनिवारी बोलवत नाही."

पेशंटना मात्र हा प्रकार आवडायला लागला. कुणी सरळ बाजूचे झाले, कुणी उलट्या. आजीबाईंनी आपली कवळीची तारीख मुद्दाम शनिवारी घेतली, कारण त्यांना त्या माणसाचं पुढे काय होतं ते बघायचं होतं. दाढ काढून घ्यायला आलेला एक जाडजूड ड्रायव्हर शिडी धरायला उठला आणि त्या नादात आपला नंबर विसरला.

सगळं नीट चाललं होतं, पण पाचव्या शनिवारी डॉक्टरांनी चित्रकाराला चहा दिला आणि तो डाव्या गालाने पिताना बघितलं.

"तोंड उघडा जरा."

"कशाला?"

"बघते."

"चित्र बघा ना," असं म्हणत चित्रकार शिडी तिथेच टाकून निघाला. त्यानंतरच्या शनिवारी त्याला ताप होता. त्याच्या पुढच्या शनिवारी त्याला 'फार महत्त्वाचं' काम होतं. बायकोने पाहिलं तर तो चहापत्तीच्या चोथ्याने एक जुना पत्रा घासत होता, एका हाताने, कारण दुसरा गालावर होता.

त्याच आठवड्यात ऊन तापलं आणि बुधवारी दुपारी फोन आला. बायको शाळेत होती. चित्रकाराने फोनकडे बघितलं आणि उचलला नाही. सासऱ्यांनी उचलला, ऐकून घेतलं, "आलो" म्हणाले, आणि स्वयंपाकघरातून तेलाची बाटली आणि चिंध्यांची पिशवी घेऊन बाहेर आले.

"चला, जावईबापू."

"कुठे?"

"पडलं."

"चित्र?"

"चित्रातलं."

बाकावर, चित्राच्या बरोबर खाली, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. त्यांना संपूर्ण, गुळगुळीत टक्कल होतं आणि त्या टकलाच्या मधोमध बशीएवढं डांबर होतं. एक ओघळ कानामागून कॉलरपर्यंत गेला होता. गृहस्थ ताठ बसले होते.

"पडलं तेव्हा मला वाटलं पाल आहे," ते शांतपणे म्हणाले. "पाल पडली की हलायचं नाही, नाही तर ती पळते कुठेही. म्हणून मी वीस मिनिटं हललो नाही."

चित्रकाराला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो माफी मागायला लागला, त्यात दाढ ठणकली, आणि माफीचा निम्मा भाग कण्हण्यात गेला. सासऱ्यांनी त्याला बाजूला केलं. चिंधीवर तेल घेतलं, गृहस्थांच्या मागे उभे राहिले आणि भिंत पुसावी तसं वरून खाली, एका दिशेने, न दाबता पुसायला लागले. पाचेक मिनिटांत गृहस्थांचे डोळे मिटले. "कानामागे अजून जरा," ते म्हणाले. मग म्हणाले, "हे रोज करता का तुम्ही?" दहाव्या मिनिटाला टक्कल असं चकाकत होतं की ते स्वतः आरशात बघून खूश झाले. शर्टाचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. चित्रकाराने नवा आणून द्यायचं कबूल केलं.

तोवर जाडजूड ड्रायव्हरने (तो फिलिंगसाठी पुन्हा आला होता) आणि चित्रकाराने चित्र उतरवून समोरासमोरच्या दोन खुर्च्यांवर उताणं ठेवलं होतं.

डॉक्टर हात पुसत दारात आल्या. "आता दोनच गोष्टी. एक तर हे चित्र आज घरी न्या. नाही तर तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. तुमच्या दाढेपायी माझ्या पेशंटच्या डोक्यावर डांबर पडलंय."

चित्रकाराने चित्राकडे बघितलं, मग आतल्या खुर्चीकडे. घरात सहा फुटी न वाळणारं डांबर आणि बायको. तो खुर्चीत बसला.

इंजेक्शन दिलं. गाल परक्याचा झाला. पाठीवर रेलून, तोंड उघडं ठेवून तो पडला होता, आणि कुठेतरी बघायचं म्हणून उघड्या दारातून बाहेर बघत होता. बाहेर 'विश्रांती' दोन खुर्च्यांवर पसरलं होतं. बघता बघता त्याच्या लक्षात आलं की डांबराचं पोट आत जातंय. ओघळ थांबले होते. उघड्या पडलेल्या भागाकडे काळं हळूहळू सरकत होतं आणि सपाट होत होतं, जणू दमलेल्या माणसाने अखेर पाय पसरले होते.

तेवढ्यात दाढ निघाली आणि तोंडात कापूस आला.

"आअवं," चित्रकार म्हणाला.

"झालं, झालं. संपलं."

"आअवं!" तो उठून बसायला लागला.

"आवंढा गिळू नका. थुंका."

"आअवं ओवा!"

डॉक्टर घाबरल्या. "यांना ओवा कशाला हवाय?"

बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. "आडवं म्हणतोय तो. आडवं ठेवा म्हणतोय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी कवळी लावायच्या आधी मी असाच बोलतो."

अशा तऱ्हेने 'विश्रांती'चं टेबल झालं. सासऱ्यांनी वर जाड काच बसवून घेतली, कडेला पट्टी मारली, चार पाय करवून घेतले आणि ते स्वतः पांढरे रंगवले. पाणसळ ठेवून एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. काचेखाली डांबर असं निवांत पसरलं की पेशंट वाकून त्यात आपले दात बघायला लागले. आजीबाई थोड्या नाराज झाल्या. त्यांच्या मते तो माणूस बुडाला. चित्रकार पहिले काही दिवस दवाखान्यात जाऊन टेबलावरची मासिकं उचलून बाकावर ठेवायचा. शेवटी डॉक्टरांनी त्याला सांगितलं की तुम्हाला दाढेच्या तपासणीलाच यायचंय, पसारा आवरायला नाही.

पावसाळा संपता संपता एक बाई दात दाखवायला आल्या. त्या मोठी कलादालनं चालवणाऱ्यांपैकी होत्या. चित्रकार तेव्हा तिथेच होता. बाईंनी टेबलाभोवती एक चक्कर मारली, खाली वाकल्या, बराच वेळ बघितलं आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. चित्रकार छाती फुगवून पुढे झाला.

"सुंदर," बाई म्हणाल्या. "इतका स्वच्छ पांढरा हल्ली बघायला मिळत नाही. पायांना कुठला रंग वापरलात?"

संध्याकाळी जेवताना त्याने हे घरी सांगितलं. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. सासऱ्यांनी मान वर केली नाही. घास सावकाश चावला, पाणी प्यायले, आणि ताटाकडे बघतच म्हणाले,

"तीन हात दिलेत रंगाचे."