धुतलेला तट्ट्या

मी कळकाचा, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा तट्ट्या बोलतोय. बुरडानं मला बैलगाडीसाठी विणलं होतं. गाडी मोडली तेव्हा तेरखेड्याच्या आण्णासाहेबांनी मला घरात आणून भिंत म्हणून उभं केलं. माझ्या एका अंगाला चूल, दुसऱ्या अंगाला दिवाळीसाठी बनवलेल्या फटाक्यांची खोकी.

आण्णांची नात हर्षाली कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. "खोकी घरातनं हलवा," म्हणून तिनं घसा कोरडा केला. आण्णांचं उत्तर ठरलेलं. "मधी भिंत हाय की."

भिंत म्हणजे मी. वाळका कळक. माणसाची अक्कल बघा.

शेवटी वैतागून हर्षालीनं टाकणखार आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवली आणि ते पाणी ब्रशनं मला दोन्ही अंगांनी पाजलं. वाळू दिलं, पुन्हा पाजलं.

आण्णा दारातून म्हणाले, "कॅरम खेळायचाय व्हय गं भिंतीवर?"

"यानं तट्ट्या लगेच पेट घेणार न्हाय. तेवढ्यात तुम्ही बाहेर पळा, म्हणजे झालं."

क्षार कामट्यांत मुरले. मी जरा तरी भरवशाचा झालो. पथ्य एकच, पाणी लागू द्यायचं नाही. तिनं ते घरात सगळ्यांना बजावलं होतं.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी घर धुऊन काढायची रीत. हर्षाली कॉलेजला गेली आणि आण्णांनी नळी माझ्यावर सोडली. वर घासलंही. हर्षालीची सगळी मेहनत मोरीतून वाहून गेली.

ती परतली तेव्हा मी निथळत होतो.

"आण्णा, हे धुतलंत?"

"पांढरं डाग पडलं होतं. देवीसमोर बरं दिसतंय व्हय?"

तिनं मला उपसलं आणि अंगणात आणून टाकलं.

आता चूल आणि खोकी समोरासमोर आली. तिची आजी तुळजाबाई चूल पेटवायला बसली होती. तिच्या हातातली काडी हातातच राहिली.

"अगं बया, एवढ्या जवळ हायत ही?" ती उठली. "अहो, खोकी निघाल्याबिगर चूल पेटणार न्हाय. तुमचा उपास आजपासनंच धरा."

तेव्हापासून मी अंगणात पालथा पडलोय. आण्णांच्या पोटात अन्नाचा कण नाही, तरी हा हट्टी म्हातारा खोकी उचलायचं सोडून मलाच उचलायला वाकलाय.

आण्णा, हात काढा. मी भिंत नाही, सरपण आहे. उचलायचंच असेल तर आतलं उचला.