हनुवटीवरचे तीन ठिपके

“सोनांनाणां हंयच रवतला गो किशोरी, गोंदण तेवढा वांगडा येतला. माजो फोटो लावशात तेव्हा ता दिसाक होया.” हनुवटीवरच्या तीन हिरव्या ठिपक्यांवर बोट ठेवून हौसाबाईंनी सुनेला सांगितलं होतं. किशोरीनेही देवासमोर शब्द दिला होता.

हौसाबाईंचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा म्हणून ती मालवणच्या स्टुडिओत गेली. स्टुडिओवाल्या कौस्तुभने तिच्या मोबाईलवरचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. सासूबाईंचे डोळे होते, कुंकू होतं. हनुवटी कोरी.

“वहिनी, स्कॅन केला तेव्हाच मी विचारलेलं, फाइल टिफ देऊ की जेपीजी? तुम्ही म्हणालात, मोबाईलवर उघडेल ती दे.”

खरंच होतं. मग वर्षभर तिने त्याच फोटोच्या कडा कापल्या, उजेड वाढवला, घरच्या ग्रुपवर धाडला, तिथून परत उतरवून घेतला.

“जेपीजी दर वेळी सेव्ह करताना दाबून लहान होते,” कौस्तुभ म्हणाला. “बारीक असतं ते आधी जातं.”

देवाचा टाक रोज चिंचेने घासावा आणि देवाचंच नाक झिजावं, तसं झालं हे.

“तुझ्याकडे असेल ना पहिला स्कॅन?”

“एवढे कुठे ठेवणार? पण ठिपके मी काढून देतो. पीएनजी करतो, मग कितीदाही सेव्ह करा, पुसणार नाहीत.”

“ते तू काढलेले. त्यांचे येतील परत?”

कौस्तुभने माऊसवरचा हात काढला. मग हळूच म्हणाला, “मूळ फोटो आणा. या वेळी टिफच करू, त्यात काही दाबलं जात नाही.”

मूळ फोटो दोडामार्गला, नणंदेकडे, अनुजाकडे. स्कॅन झाल्यावर किशोरीने तो शेजाऱ्यांच्या हाती परत पाठवला होता. “आवशीचो फोटो परक्याच्या हातान धाडतंस?” अनुजाने फोन आपटला, तो आजतागायत उचलला नव्हता.

“काढून घे गो ठिपके,” घरी तिचा नवरा विश्वेश म्हणाला. “भिंतीर कोण भिंग घेवन बघतलो?”

“आई बघतली.”

विश्वेशने मान खाली घातली. “अनुजा उंबऱ्यात घेवची नाय तुका.”

“तर उंबऱ्याभायर बसान.”

दुसऱ्या दिवशी एकादशी. किशोरीने तुळशीला पाणी घातलं, निरांजन लावलं. पिशवीत गुळात घोळलेल्या मालवणी खाजाचा पुडा ठेवला. फोटो गुंडाळायला हौसाबाईंच्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा घडी करून ठेवला. या वेळी नेणार तीच, परत देणारही तीच.

विश्वेश अजून झोपला होता. तिने दार आवाज न करता ओढून घेतलं आणि पहिल्या एसटीसाठी थांब्याकडे चालू लागली.