तेरा नंबर

श्रीवर्धनच्या पेठेत कुणाची पाळी आली की लोक ‘तेरा नंबर!’ म्हणून ओरडतात, मग ती न्हाव्याच्या खुर्चीची असो नाहीतर रेशनच्या दुकानातली. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, अजून बारा जण आपल्या पुढे आहेत, आणि तो बिचारा ताटकळत उभा राहतो. ह्या गमतीचे जनक धर्माजी. तरुणपणी ते फौजेत होते, विमानातून छत्री घेऊन उड्या मारणाऱ्यांत, आणि त्यांची एक उडी साऱ्या गावाला तोंडपाठ होती.

आग्र्याचं आभाळ, जुन्या लढाईतून उरलेलं म्हातारं डकोटा विमान, पत्रा न् पत्रा खडखडणारं, आत पेट्रोलचा आणि कुणाच्या तरी ओकारीचा वास. बारा जवान एकामागे एक, दाराकडे तोंड करून उभे, आणि दारात उड्या शिकवणारा पंजाबी उस्ताद, एक पाय चौकटीला लावून. उडीच्या आधी मोजणी व्हायची, ती शेवटच्या माणसापासून. मागच्याने पुढच्याच्या पाठीवरची छत्री तपासायची, त्याच्या खांद्यावर थाप द्यायची आणि आपला आकडा ओरडायचा, ‘बारा नंबर, ओके!’ मग त्याच्या पुढचा ‘अकरा नंबर, ओके!’ असं करत करत दारातल्या पहिल्यापर्यंत. धर्माजी बारावे, म्हणजे सगळ्यांत मागचे. त्यांना थाप द्यायला मागे कुणी नाही, म्हणून त्या उस्तादानेच ती दिली आणि आपल्या हिंदीत म्हणाला, ‘तेरा नंबर, ओके!’ म्हणजे तुझी पाळी. कोकणातला नवखा पोरगा हबकला, की बारा जणांत हा तेरावा आला कुठून! वळून बघणार, तोच हिरवा दिवा लागला आणि रांग पळत सुटली.

इथे हशा पिकायचा, आणि धर्माजी त्या हशासाठी हातातला चहा खाली ठेवून थांबायचे. सुपारीची बाग, सोनूबाई आणि ही उडी एवढीच त्यांची इस्टेट, आणि त्यात उडी पहिल्या नंबरावर होती असं सोनूबाई म्हणायच्या. दर सव्वीस जानेवारीला शाळेच्या ओट्यावरून ते ती सांगत, आणि त्या एका सकाळी त्यांची मान ताठ होऊन वर्षभराच्या वाकण्याची भरपाई करून घेई.

दिवाळीनंतर रावजी आले. माणगावकडचे, एकटे, पाठ ताठ. बागेमागची खोली त्यांनी भाड्याने घेतली. तेही छत्रीवाले निघाले, आणि धर्माजींना आधी आनंदच झाला. आठ-पंधरा दिवसांत तो आंबला. रावजी गोष्ट हसवण्यासाठी सांगत नसत. सदाच्या हॉटेलात ते हळू आवाजात बोलायला लागले की लोक पुढे सरकत, सदा चहा उकळता ठेवून येई. विमानाच्या पोटात वारा कुठून शिरतो, हिरवा दिवा लागला की माणसांचे चेहरे कसे शेवाळलेले दिसतात, हे सगळं त्यांना ठाऊक. धर्माजींनी हे पाहिलं होतंच की! पण कधी सांगायला सुचलं नव्हतं. त्यांचा जळफळाट झाला, आणि तो लपवायची कला त्यांच्यापाशी नव्हती.

त्यात घरची फितुरी. एके सकाळी सोनूबाई ओटीवर बसून रावजींच्या सदऱ्याला बटण लावत होत्या.

“एकटा मानूस हाय,” त्या म्हणाल्या.

“मग मी काय गर्दी हाय?” धर्माजी म्हणाले.

रावजी पायरीवर बसले होते, हातात निळ्या काठाचा कप, जो घरात फक्त धर्माजींसाठी निघायचा. त्यांनी बागेकडे पाहिलं, सोनूबाईंकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

“तुमचं बरं झालं धर्माजी. येळेवर उतरलात,” ते म्हणाले.

मग आपणहून सांगू लागले, की उडीच्या वेळी आपण कधी दाराकडे बघत नसू, पुढच्याच्या मानेकडे बघत असू. “माझ्या म्होरच्याच्या मानेवर, कॉलरीच्या जरा खाली, बिब्ब्याचा डाग व्हता. मोठा, बोराएवढा.”

सोनूबाईंची सुई थांबली. “ह्यांच्याबी हाय की तितंच,” त्या म्हणाल्या.

धर्माजींनी नकळत कॉलर वर ओढली.

त्या दिवसापासून त्यांना बागेत रावजींच्या खोलीकडे पाठ करून काम करवेना. रावजी बहाद्दर कुठल्या तरी माहितगाराकडून ऐकून आलेत आणि आपली उडी चोरताहेत, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं. चोराला रंगेहाथ पकडायचं म्हणून सदाच्या हॉटेलात चारचौघांत विचारलं, “रावजी, रांगेत तुमचा नंबर कितवा हो?”

“रोज सांगता की तुमीच,” रावजी म्हणाले.

लोक हसले. धर्माजी हसले नाहीत. “ते उस्ताद बोलला व्हता. हिंदीत.”

“उस्ताद दाराशी व्हता, पार म्होरं,” रावजी शांतपणे म्हणाले. “बारा मानसांच्या मागं त्याचा हात कसा पोचंल?”

उस्ताद दारात उभा होता, हे धर्माजी स्वतःच इतकी वर्षं सांगत आले होते. दारात उभा, एक पाय चौकटीला लावून. घरी जाईपर्यंत त्यांनी ते विमान मनात हज्जारदा फिरून पाहिलं, आणि दर खेपेला उस्ताद दारातच निघाला.

जानेवारीत शाळेच्या मृणाली मॅडम आल्या. “काका, तुम्ही दरवर्षी सांगताच. यंदा रावजीकाका सांगू देत, चालेल ना?”

“चालंल की,” धर्माजी म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

सव्वीस जानेवारीला झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, मुलं रांगा धरून बसली. मॅडमनी रावजींचं नाव घेतलं. धर्माजींच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. ते रावजींच्या आधी ओट्यावर चढले आणि माइक धरला. रावजी निमूटपणे मागे येऊन उभे राहिले.

“ऐका,” धर्माजी म्हणाले. आवाज चिरकला. “त्या दिवशी आमी बारा जन चढलो आनि खाली बाराच उतरलो. मी सोता मोजलं. मंग इचारा ह्यांना, ह्यांची छत्री कुटं पडली!”

कुणी हसलं नाही. मॅडम उठून उभ्या राहिल्या. मागून रावजी बोलले, माइकला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

“व्हय. बाराच उतरलात.”

उतरलात. ‘उतरलो’ नव्हे. धर्माजींना ती आधी जिभेची चूक वाटली, मग वाटली नाही. त्यांना वळायचं होतं. मान वळेना. समोर ओट्याची कड होती, तीन पायऱ्यांची, पोरंसोरं धावत उतरतात तशी. त्या कडेखालून वारा वर आला. सदरा फुगला, डोळ्यांत पाणी आलं, नाकात पेट्रोलचा वास भरला. खाली बसलेल्या मुलींच्या वेण्यांच्या रिबिनी हलत नव्हत्या. झेंडा काठीला चिकटून पडला होता.

आणि खांद्यावर थाप पडली. जड, ओळखीची, जरा मायेचीसुद्धा.

“तेरा नंबर,” मागचा आवाज म्हणाला, आणि तो मराठीत म्हणाला की हिंदीत, हे धर्माजींना ह्याही वेळी कळलं नाही.