गेरूची किनार

मृतांच्या दिवशी दुपारी रेमेडिया चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन दफनभूमीत आली. गेरू तिनं मुद्दामच आणला नव्हता.

संध्याकाळी तिथंच उघड्यावर मिस्सा, मृतांसाठीची सामूहिक प्रार्थना, होणार होती. त्याआधी ज्यानं त्यानं आपापल्या माणसांच्या कबरी झाडायच्या, चुना मारायचा, फुलं घालून मेणबत्त्या लावायच्या, ही गावची रीत. आईची कबर पंधरा वर्षांची. शेजारची बाबांची, जूनमध्ये खणलेली. पावसात तिची माती खचली होती; भोवतीची दगडांची चौकट रेमेडियानं गेल्याच आठवड्यात बसवून घेतली होती.

आजवर हे काम बाबांचं होतं. चुना मारून झाला की खाली वीतभर उंचीची गेरूची किनार ते ओढत, दोरी लावल्यासारखी सरळ. बाबा, म्हणजे इनास, बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि वर्षातला महिनाभर राखीव पलटणीतले शिपाई. पलटणीच्या कॅम्पात म्हणे दगड असो, झाडाचं खोड असो, जे हलत नाही त्याला चुना आणि गेरू. आपल्या कबरी झाल्या की ज्यांच्यामागे कोणी उरलं नाही त्यांच्याही ते रंगवत. बायका हसायच्या.

“इनास, मेलेल्यांची परेड घेतोस काय रे?”

“घेतो की! ही एकच पलटण अशी, जिच्यात कोणी रजा मागत नाही.”

घरातही तेच. चादरीला सुरकुती नको, बूट एका रेषेत, चर्चमधले पितळी दिवे राख लावून असे चमकवलेले की फादर त्यांत आपला चेहरा बघत. लहान रेमी रात्री तेर्सची जपमाळ म्हणताना पेंगली की ते तिला कोपरानं हलवत. “कवायतीत पाय आधी वळतो पोरी, मन मागून येतं. प्रार्थनेचं तसंच. तू गुडघे टेक, मन येईल आपलं चालत.” नेमबाजीच्या सरावात पुठ्ठ्याच्या माणसावर गोळ्या झाडाव्या लागत. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणायचे, “त्या पुठ्ठ्याला तोंड काढलेलं नसतं, ते बरं आहे.” मग उठून अंगणात जायचे.

आई कावीळ होऊन गेली तेव्हा बाबा कॅम्पला होते. रेमेडिया दहा वर्षांची होती. शेजारच्या धर्माजी मास्तरांनी तार केली होती, बाबा येतील म्हणून सगळे वाट बघत होते. ते आले नाहीत. आई गेल्यावर दुसरी तार गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबून आईला पुरलं. बाबा आले त्याच्या पुढच्या सकाळी, खांद्यावर किटबॅग, अंगात वर्दी, तडक दफनभूमीत. रेमी धावत गेली. त्यांनी तिला उचललं नाही. बरोबर आलेल्या पलटणीतल्या सुकाला म्हणाले, “चुना बघ कुठं मिळतो.”

त्या दिवसानंतर त्यांच्या गळ्यात क्रूस दिसला नाही. दर रविवारी ते चर्चला जात, मागच्या खांबाशी गुडघे टेकत. पण पवित्र भाकर घ्यायला कम्युनियनच्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत. गाव कुजबुजायचं, फौजेत काहीतरी करून आलाय. कोणी तर म्हणे, माणूस मारलाय. रेमेडिया मोठी झाली, पालघरच्या शाळेत शिकवू लागली, खूप वाचू लागली, पण हे कोडं कुठल्या पुस्तकात नव्हतं. विचारलं तर बाबा म्हणत, “चहा ठेव.” वयाची मर्यादा येईपर्यंत दर वर्षी ते कॅम्पला जात राहिले, आणि ज्या कॅम्पनं आई जाताना त्यांना सोडलं नाही तिथं हे कसे जातात, हे तिला गिळवत नसे.

जूनमध्ये शेवटच्या सकाळी फादर पवित्र भाकर घेऊन घरी आले. बाबांनी तोंड उघडलं नाही. डोळे उघडे होते, फादरांकडेच होते. दुपारी ते गेले. त्यांना गिळता येत नव्हतं की घ्यायचंच नव्हतं, हे तिला कळलं नाही, आणि पाच महिने दुसरं काही सुचत नव्हतं. देवाशी अबोला धरून गेले असतील, तर त्यांच्या नावानं मिस्सा कशी सांगायची?

“बाय, गेरू कुठं हाय?”

सुका उभा होता. सालवडला राहणारा, बाबांच्याच कारखान्यातला हेल्पर, त्यांच्याच वर्षी पलटणीत भरती झालेला. तो ख्रिस्ती नव्हता, पण दर वर्षी या दिवशी बाबांच्या हाताखाली यायचा. आज त्याच्या हातात डालड्याचा डबा होता, कालवलेल्या गेरूनं अर्धा भरलेला.

“नाही लावायचा यंदा,” ती म्हणाली. “नुसता चुना.”

“का?”

“पुरे झाली ती छावणी. आईला शेवटी त्या छावणीपायी...” तिनं वाक्य सोडून दिलं.

सुका कबरीच्या कडेला उकिडवा बसला. “छावणीपायी नाय,” तो म्हणाला. “इनासदादानं तुला नाय सांगितलं कदी?”

“काय?”

“तो नायच सांगायचा. मी सांगतो. तो आता मला काय करनार हाय?” त्यानं डबा खाली ठेवला. “कॅम्पात रजा नाय मिळायची. मंग समदे घरून तार मागवायचे. बाप सीरियस, बायको सीरियस. भिकाचा बाप तर तीनदा मेला. सायबालाबी म्हाईत. पन इनासदादा असलं कदी नाय करायचा. मग तुजी ती पहिली कम्युनियन आली.”

रेमेडियाचा कुंचला थांबला.

“बोलला, पोरगी पांढऱ्या झग्यात हुबी र्‍हानार, आन् मी हितं गवत कापनार? मीच बोल्लो, मागव तार. आली. सायबानं इचारलं, खरं काय? यानं गळ्यातला क्रूस मुठीत धरला. बोलला, सच है साब. क्रूसाचं बघून सायबानं लगेच सोडला.”

आणि रेमेडियाला बोईसरचं पोस्ट आठवलं. आई तारेच्या काउंटरशी, पदराआड हसू दाबत, आणि आपण तिच्या बोटाला. बाहेर येऊन आई म्हणाली होती, “रेमी, मी आज सीरियस आहे बरं का! मला भेळ खाऊ घाल.” कम्युनियनच्या दिवशी बाबा दारात उभे राहून ओरडले होते, “कुठं आहे आमची सीरियस बाई? चहा मिळेल काय?” आणि दोघं हसून हसून बेजार. तिला ते हसणं आयुष्यभर पुरलं होतं. अर्थ कधी विचारावासा वाटला नव्हता.

“दोन वर्सांनी खरी तार आली,” सुका म्हणाला. “तोच सायेब. यानं परत क्रूस धरला. सायेब हसला. बोलला, क्यों इनास, तेरी घरवाली फिर से? समदे हसले. मीबी हसलो, बाय. मला वाटलं, खोटीच आसंल. दुसरी तार आली तवा सोडला. मी संगती आलो.”

तो आईच्या कबरीकडे बोट करून म्हणाला, “माती वली व्हती. तो क्रूस त्यानं हितं दाबला, उशाशी. बोलला, सुका, या हातानं आता घ्येनार नाय. काय घ्येनार नाय ते मला तवा नाय समजलं.”

“फादरांना सांगितलं असतं, तर क्षमा मिळाली असती,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच शाळेतला वाटला.

“सांगितलं व्हतं. फादर बोल्ले, झालं माफ. हा बोल्ला, देवानं केलं आसंल, पन रेमीची आई रांगंत दिसत नाय मला.”

“आणि मला का नाही सांगितलं?”

सुकानं तिच्याकडे बघितलं. “कसं सांगनार? तुज्या कम्युनियनची ती रजा.”

पलीकडच्या कबरीशी दमयंती मावशी झेंडू ओवत होत्या. समुद्राकडून वारा येत होता, आणि बादलीतल्या चुन्यावर साय धरू लागली होती.

“शेवटी त्यांनी तोंड उघडलं नाही,” रेमेडिया म्हणाली. “उघडता येत नव्हतं की...”

“ते त्याचं त्यालाच ठावं. मी कसा सांगू, बाय?”

तिनं उरलेला चुना मारून घेतला आणि डबा पुढं ओढला. दोन कबरींच्या मधे जेमतेम चार बोटं जागा होती. किनार प्रत्येकीची वेगळी ओढायची, तर मधल्या जागेत कुंचला फिरत नव्हता. तिनं आईच्या उशापासून सुरुवात केली, मधली जागा ओलांडून बाबांच्या चौकटीवरून पायथ्याशी वळली आणि फिरून आईपाशी आली. दोघांना मिळून एकच रेघ.

“वाकडी जातेय,” सुका म्हणाला.

“जाऊ दे.”

“इनासदादानं पुन्ना काढाया लावली आसती.” तो हसला, मग डोळे पुसून वर आभाळाकडे बघत राहिला.

मिस्सा सुरू झाली तेव्हा उजेड उतरत होता. कम्युनियनची रांग कबरींमधून लागली. रेमेडिया तिच्यात उभी राहिली, पवित्र भाकर जिभेवर घेतली आणि परत येऊन दोघांच्या पायथ्याशी गुडघे टेकले. गेरू ओला होता. तिच्या पांढऱ्या साडीला गुडघ्यापाशी दोन लाल डाग पडले. गुडघे टेकलेले होते. मन अजून आलं नव्हतं. ती त्याची वाट बघत तशीच बसून राहिली.